संधिवातावरील जनुकोपचार : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जनुकोपचाराचा विचार प्रारंभी सदोष जनुकामुळे उद्भवणाऱ्या आनुवंशिक व्याधींसाठी झाला. संधिवात हा एकाच जनुकाचा विकार नव्हे. त्यामुळे येथे जनुकाची दुरुस्ती अभिप्रेत नसून, सांध्यातच औषधी प्रथिन दीर्घकाळ तयार करून घेणे हा हेतू असतो. ही कल्पना तर्कशुद्ध आहे. परंतु संधिवात सहसा प्राणघातक नसल्याने तिचे मूल्यमापन अधिक कठोर निकषांवर होणे अगत्याचे ठरते.

प्रयोगांचा आढावा :
१९९६ मध्ये पिट्सबर्ग येथे ख्रिस्तोफर इव्हान्स, पॉल रॉबिन्स व सहकाऱ्यांनी पहिली मानवी चाचणी सुरू केली. आमवातग्रस्त नऊ स्त्रियांच्या बोटांच्या सांध्यांत, इंटरल्यूकिन-१ या दाहकारक प्रथिनास रोखणारे जनुक असलेल्या पेशी सोडण्यात आल्या. ते सांधे आठवड्याभराने शस्त्रक्रियेने बदलावयाचेच होते. जोखीम मर्यादित ठेवणारी ही रचना अनुकरणीय होती.

२००७ मध्ये अमेरिकेतील अन्य एका चाचणीत, गुडघ्यात विषाणुवाहक टोचलेल्या एका स्त्रीचा मृत्यू झाला. चौकशीत बुरशीजन्य संसर्ग आढळला. जनुकोपचार दोषी ठरला नाही. तथापि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टरच चाचणीचे संशोधक होते. अशा नात्यात संमती कितपत स्वतंत्र राहते, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.

इन्व्होसा प्रकरण :
गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवरील 'इन्व्होसा' या औषधास दक्षिण कोरियाने २०१७ मध्ये मान्यता दिली. त्यातील जनुक-परिवर्तित पेशी कूर्चेच्या असल्याचे नमूद होते. २०१९ मध्ये त्या मूत्रपिंडजन्य पेशी असल्याचे उघड झाले व परवाना रद्द झाला. आरंभापासून त्याच पेशी वापरल्याने निष्कर्ष अबाधित राहतात, असा युक्तिवाद उत्पादकांनी केला. अमेरिकेतही २०२० मध्ये स्थगित चाचणीस पुन्हा अनुमती मिळाली. मात्र हा युक्तिवाद फार तर परिणामकारकतेपुरता ग्राह्य धरता येईल. रुग्णांनी संमती दिली होती ती कूर्चापेशींना. जी वस्तू शरीरात गेली तिची खरी ओळखच त्यांना नसेल, तर ती संमती अर्थशून्य ठरते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या उपचाराचे मूल्य केवळ जनुकाच्या कार्यक्षमतेवर ठरत नाही. पेशींच्या ओळखीची स्वतंत्र पडताळणी आणि उपचारक डॉक्टरांव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने घेतलेली संमती, या दोन अटी अनिवार्य मानल्या पाहिजेत. वेदना असह्य असली तरी रुग्णाला थांबण्याचा पर्याय असतो. तो पर्याय त्याच्यापासून दडविला जाऊ नये.