समासातील अक्षर : रब्बी मोशे बेन मैमोन यांच्या मिश्नाभाष्याचे हस्तलिखित

आपल्या ईश्वरविज्ञान विद्यालयांतून रब्बी मोशे बेन मैमोन, अर्थात मैमोनिडीझ, यांचे नाव सहसा दोन प्रसंगी घेतले जाते. यहुदी धर्माची तेरा श्रद्धातत्त्वे शिकविताना एकदा, आणि थॉमस अक्वायनस यांनी ‘रब्बी मोशे’ म्हणून ज्यांच्या मतांचा परामर्श घेतला ते तत्त्वज्ञ म्हणून दुसऱ्यांदा. या दोन्ही प्रसंगी एक गोष्ट दृष्टीआड होते. ती तेरा तत्त्वे स्वतंत्र श्रद्धापत्रक म्हणून लिहिली गेलेली नाहीत. नियमशास्त्रावरील एका विस्तृत भाष्यात, न्यायसभांचे नियम सांगणाऱ्या ‘सान्हेद्रीन’ या प्रकरणग्रंथाच्या दहाव्या अध्यायाच्या प्रस्तावनेत ती आलेली आहेत. या भाष्याची लेखकाच्या स्वतःच्या हातची प्रत बऱ्याच अंशी आजही उपलब्ध आहे. ती प्रत आपणांस काय शिकविते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मिश्ना म्हणजे इ. स. २००च्या सुमारास रब्बी यहूदा हा-नासी यांनी गालीलात संकलित केलेला मौखिक नियमशास्त्राचा संग्रह. त्याचे सहा विभाग असून त्यांत त्रेसष्ट प्रकरणग्रंथ आहेत. मैमोनिडीझ यांचा जन्म ११३८च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला. अल्मोहाद सत्तेच्या छळामुळे त्यांच्या कुटुंबास देशोधडीस लागावे लागले. पुढे मोरोक्कोतील फेझ, पॅलेस्टाइनमधील अक्को आणि अखेर इजिप्त असा प्रवास घडला. या भटकंतीतच, वयाच्या तेविसाव्या वर्षी आरंभिलेले भाष्य त्यांनी तिसाव्या वर्षी, ११६८ साली, इजिप्तमध्ये पुरे केले. त्यातील काही भाग आपण प्रवासात, समुद्रावर असताना लिहिला, असे त्यांनी समारोपात नमूद केले आहे. भाष्याची भाषा अरबी, पण लिपी मात्र इब्री. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठी भाषेत परंतु रोमन लिपीत छापले गेले, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांस भाषा एक व लिपी दुसरी ही व्यवस्था अपरिचित वाटू नये.

सहा विभागांपैकी पाच विभागांची मूळ प्रत आज दोन ठिकाणी विभागलेली आहे. तीन विभाग ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात आहेत. ते अलेप्पो येथील इंग्रज व्यापाऱ्यांचे धर्मगुरू म्हणून राहिलेल्या एडवर्ड पोकॉक व रॉबर्ट हंटिंग्टन यांच्या संग्रहांतून १६९२-९३च्या सुमारास तेथे आले. सण व विवाह यांविषयीचे दोन विभाग जेरुसलेम येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. हे दोन्ही खंड पूर्वी डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या संग्रहात होते. १८८० साली मुंबईत जन्मलेल्या या ग्रंथसंग्राहकाचे घराणे मुंबईस व पुण्यास सुपरिचित आहे. सहाव्या, शुद्धाशुद्धविषयक विभागाची मूळ प्रत मात्र सापडलेली नाही.

हे हस्ताक्षर खुद्द लेखकाचेच आहे काय, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास वाद झाला. परंतु कैरोच्या गेनिझात, म्हणजे सभास्थानाच्या जीर्णलेखकोठीत, मैमोनिडीझ यांच्या हातचे कच्चे मसुदे मिळाले, आणि तेच वळण या खंडांत आढळल्याने तो वाद बहुतांशी मिटला. शिवाय आतील पुरावा बोलका आहे. मुळात ही सुवाच्य प्रत म्हणून तयार झाली. पण पुढे तिच्यात शब्द खोडले गेले, ओळींच्या वर नवे शब्द आले, आणि समास दुरुस्त्यांनी भरले. नकलनवीस चूक सुधारतो तेव्हा पुढ्यातील प्रतीशी मेळ घालतो. येथे सुधारणा करणारा मनुष्य आपले मतच बदलतो आहे, आणि तो अधिकार लेखकावाचून दुसऱ्या कोणास असणार?

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण चौथ्या श्रद्धातत्त्वात सापडते. मूळ मजकुरात देवाच्या अनादित्वाचे प्रतिपादन आहे. त्याला जोडून मागाहून एक पुरवणी लिहिली आहे. जग हे सर्वथा शून्यातून निर्माण झाले, हा मोशेच्या नियमशास्त्राचा महान पाया होय, असा तिचा आशय आहे. जगाच्या अनादित्वाविषयीचे तत्त्वज्ञांचे मत आपण विचारात का घेतो, याचा खुलासाही तीत केला असून त्यासाठी ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाचा हवाला दिला आहे. तो ग्रंथ ११९०च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे भाष्य संपल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने लेखक त्याच पानाकडे परतला होता. मधल्या काळात त्यांचा व्यापारी भाऊ दावीद हिंदी महासागरात बुडून मरण पावला होता, आणि उपजीविकेसाठी पत्करलेल्या वैद्यकीने त्यांचा दिवस व्यापून टाकला होता. तरीही पान बंद झाले नव्हते.

येथे ख्रिस्ती विद्वत्तेच्या एका जुन्या सवयीचे परीक्षण करणे भाग आहे. पोकॉक यांनी १६५५ साली ऑक्सफर्डहून ‘पोर्टा मोसिस’, म्हणजे ‘मोशेचे द्वार’, हा ग्रंथ लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यांचे पांडित्य व परिश्रम निःसंशय थोर होत. परंतु त्यांनी निवडली ती या भाष्यातील सहा प्रास्ताविके. दशमांश, साक्षी, गहाण व अर्पणे यांचा ऊहापोह करणारा भाष्याचा देह बाहेरच राहिला. नियमाच्या मळ्यातून सिद्धांताचे फळ खुडून न्यावे आणि मळा मात्र ‘मृत अक्षर’ म्हणून सोडून द्यावा, असा हा व्यवहार झाला. पौलाने लेख व आत्मा यांत केलेला भेद आपण शिकवितो तेव्हा पुष्कळदा हाच व्यवहार पुढे चालवितो. हस्तलिखित याला साक्ष देत नाही. त्यात सिद्धांत आणि नियम एकाच शाईने लिहिले आहेत, आणि दोहोंची दुरुस्तीही एकाच हाताने झाली आहे. मंदिराच्या दीपवृक्षाच्या शाखा कशा होत्या हे सांगताना लेखक शब्दांवर न थांबता स्वहस्ते आकृती काढतो, आणि त्या शाखा सरळ रेषांनी दाखवितो. ज्याला अक्षर मृत वाटते, तो इतकी काळजी घेत नाही.

दुसरी गोष्ट आपणांस अधिक जड जाईल. मूर्तिपूजेविषयीच्या प्रकरणग्रंथावरील भाष्यात मैमोनिडीझ ख्रिस्ती लोकांची गणना निःसंदिग्धपणे मूर्तिपूजकांत करतात. छापील आवृत्त्यांत सेन्सॉरच्या धाकाने हे वाक्य गाळले वा बदलले गेले. मूळ अरबीवरून रब्बी योसेफ काफिह यांनी १९६३ पासून नव्या इब्री भाषांतरासह जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत असे मजकूर पूर्ववत वाचावयास मिळतात. शतकानुशतके आपल्या मंडळीने शेजाऱ्याचे ग्रंथ तपासले, पण त्याचे आपल्याविषयीचे मत पूर्णपणे ऐकून घेतले नाही. संवाद करावयाचा तर तो या अखंड पानाशी केला पाहिजे, आपल्या सोयीने छाटलेल्या पानाशी नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. तेरा तत्त्वे नाकारणाऱ्यास इस्राएलाच्या समुदायाबाहेर ठेवणारा हाच लेखक आहे. मग समासातील दुरुस्त्यांवरून त्याला मोकळ्या मनाचा ठरविणे ही आपली हौस नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. मैमोनिडीझ यांना आधुनिक उदारमतवादी ठरविण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ‘सत्य सापेक्ष आहे’ असे मानून त्यांनी दुरुस्त्या केल्या नाहीत. नियम पाळावयाचा आहे, आणि चुकीचा निर्णय कोणा तरी माणसास चुकीच्या कृतीकडे नेतो, म्हणून त्यांनी त्या केल्या. जुन्या प्रतींवरून शंका विचारणाऱ्यांस, तुमच्याजवळील पाठ पहिला आहे व तो मी नंतर सुधारला आहे, असे त्यांनी उत्तरात कळविले. आज्ञेविषयीची निष्ठा हेच त्या दुरुस्तीचे कारण होय.

आपल्या अध्यापनासाठी हा बोध मोलाचा आहे. अधिकार आणि दुरुस्ती यांत विरोध आहे, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे एक पक्ष अधिकार राखण्यासाठी दुरुस्ती नाकारतो, तर दुसरा दुरुस्तीसाठी अधिकारच झुगारतो. या हस्तलिखितात एका धर्मशास्त्रज्ञाने दोहोंचा मान राखलेला दिसतो. तेरा तत्त्वे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेताना, चौथ्या तत्त्वाच्या बाजूस लेखकाने वीस वर्षांनी काय लिहिले, हेही त्यांना सांगावे. आणि रब्बींच्या नियमचर्चेस ‘शास्त्री व परूशी यांचे जू’ म्हणून निकालात काढण्यापूर्वी, त्या चर्चेचे एक तरी पान संपूर्ण वाचावे, समासासकट.