काळी मेंढरं आणि मागवलेला मेंढपाळ

गेल्या उन्हाळ्यात शनिशिंगणापूरहून नेवाशाकडे जाताना एका गावातल्या चर्चमध्ये थांबलो. वेदीच्या उजव्या हाताला फायबरग्लासचा नवाकोरा ‘उत्तम मेंढपाळ’ उभा होता. निळे डोळे, मधाच्या रंगाचे केस, गळ्याभोवती कापसाच्या पेळूसारखं पांढरं कोकरू. कुणी केला, असं विचारलं. उत्तर आलं, ‘मागवलाय.’ बाहेर आलो तर रस्ता मेंढरांनी अडवलेला. सगळी दख्खनी, बहुतेक काळी, आणि मागून घोंगडी पांघरलेला धनगर हाळी देत येत होता. चर्चच्या दारापासून तो दहा पावलांवर असेल. तेव्हापासून ‘मागवलाय’ हा शब्द मनातून जात नाही, आणि मराठी मुलखातल्या ख्रिस्ती शिल्पकलेविषयी लिहायला बसलो आहे तो त्या शब्दाच्या चिडीपोटी.

मला सलतं ते असं. शब्दाच्या बाबतीत हा धर्म इथे केव्हाच घरचा झाला. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून निघून १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्यातली एकही परदेशातून आणल्यासारखी वाटत नाही. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी नगरात राहून अभंगाचा आणि भजनाचा येशू उभा केला. आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांवर टाळ-मृदंग वाजतो तो त्यांच्या पुण्याईने. हरेगावला सप्टेंबरात जी यात्रा भरते तिच्या देवतेला लोक ‘मतमाउली’ म्हणतात. ज्ञानोबांना जे नाव दिलं तेच मरियेला. ओवी आली, अभंग आला, माउली आली. मग टाकी आणि पटाशी कुठे अडली?

एकदाच ती अडली नव्हती, गोव्यात. जुनं गोवं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, पण बहुतेकांनी मान वर करून पाहिलेलं आहे: सोनेरी मुलामा, खांबांचे मजले, वर देवदूत. मला बोलायचं आहे ते खाली बघून. तिसवाडी-सासष्टीतल्या गावोगावच्या चर्चमध्ये लाकडी पुल्पितं आहेत. त्यांतले काही नमुने जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयातही ठेवले आहेत. पाद्री जिथे उभा राहून प्रवचन देतो तो कठडा खालून कुणी उचलून धरला आहे ते बघा. कमरेच्या वर स्त्री, कमरेखाली वळसे घेत जाणारी शेपटी, आणि त्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या. काही अभ्यासक त्यांना युरोपातल्या मत्स्यकन्या म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने कोकणात वडाखाली मांडलेले नाग पाहिले आहेत, गुंफलेल्या नागजोडीवर वाहिलेलं हळद-कुंकू पाहिलं आहे, त्याला ही वळणं ओळखायला पुस्तक लागत नाही. मत्स्यकन्येची शेपूट पाण्यात सरळ सुटते. ही शेपूट विळखा घालते, ओझं घेते, आणि मग वर चेहरा शांत ठेवते. त्या शांत चेहऱ्याच्या डोक्यावर उभं राहून नव्या धर्माचं प्रवचन चालत असे. इतकं धीट, इतकं समजूतदार शिल्प आपल्या किनाऱ्यावर त्या काळात दुसरं झालं नाही, असं मी बिनदिक्कत म्हणतो.

ते कोरलं कुणी? धर्मांतर न केलेल्या सुतार-शिल्पींनी, पुष्कळदा चारी समाजातल्या मंडळींनी. १५६७ मध्ये गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करवून घेऊ नयेत असं ठरवलं. अशी बंदी पुढेही पुन्हा घालावी लागली. बंदी पुन्हा घालावी लागते याचा अर्थ एकच, की ती कुणी पाळत नव्हतं. पाळणार तरी कसं? हात त्यांच्याचकडे होते. आणि त्या हातांना दिलेला विषय पुरा पचवायची ताकद होती. हस्तिदंताचा गोमंतकीय बाल-मेंढपाळ घ्या, जो आज लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत जाऊन बसला आहे. डोंगराच्या टप्प्यांवर एक पोर बसलंय, हाताच्या तळव्यावर गाल टेकून, डोळे मिटून. पायाशी मेंढरं, खालच्या गुहेत मग्दालिया. झोपलाय म्हणा, ध्यानाला बसलाय म्हणा. सतराव्या शतकातल्या त्या कारागिराला जे सुचलं ते आमच्या फायबरग्लासवाल्याला चारशे वर्षांनी सुचत नाही: मेंढपाळ म्हणजे आधी थकलेला, उन्हात तापलेला माणूस.

बॉम जेझुसमधल्या संत झेवियरच्या समाधीपाशी हा सगळा वाद एका उभ्या रेषेत मांडून ठेवलेला आहे. वर चांदीची पेटी आहे, गोव्याच्या कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली, संताच्या आयुष्यातल्या प्रसंगांनी भरलेली. खाली संगमरवराचा भव्य चौथरा आहे, टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोने भेट दिलेला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने केलेला, १६९८ मध्ये इथे येऊन उभारलेला. मार्गदर्शक चौथऱ्याचंच कौतुक सांगतात. मी उलट सांगतो. चौथरा उत्तम आहे आणि तो कुठेही उत्तमच दिसला असता. पेटी मात्र इथलीच असू शकते. आणि आणखी एक गोष्ट मार्गदर्शक सांगत नाहीत. या देवळाचा जांभा बारीक कोरीवकामाला भुसभुशीत, म्हणून दर्शनी भागाच्या कोरीवकामासाठी काळा पाषाण वसईहून आणला. म्हणजे आपला दगड तिथे जाऊन राहिला आहे, आणि आपल्याच दगडात आपण आज काही कोरत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे त्यांच्याकडे येतो. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, तिसवाडीतल्या सांतु इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईत वैद्यकीचं शिक्षण सोडलं, जे. जे. कलाशाळा सोडली, बंगालात जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि गोव्यात परतून साडीतली, सावळी मरिया रंगवू लागले. गोव्यातल्या वजनदार ख्रिस्ती मंडळींना ते रुचलं नाही. देवाची आई आणि कामवालीसारखी? फोन्सेकांनी गाव सोडलं आणि पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकनांच्या आश्रमाने थारा दिला, यावरून काय ते समजा. त्या आश्रमाच्या मुळाशी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ होता, आणि विन्स्लो हे आमच्या नगर जिल्ह्यात काम केलेले मिशनरी. आश्रमाचं खोड पुण्यात असलं तरी मूळ इथल्या मातीत आहे. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजच्या फादर हेरास यांनी फोन्सेकांना काम दिलं, पाठबळ दिलं. १९६७ मध्ये ते पुण्यातच गेले. आयुष्यभराची चित्रं पुढे पत्नीने गोव्याला पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवली. माणूस परत गेला नाही, कागद परत गेले.

फोन्सेका शिल्पकार नव्हते, ठाऊक आहे मला. तरी मराठी मुलखातल्या चर्च-शिल्पाची गोष्ट मी त्यांच्याशिवाय सांगू शकत नाही, कारण जे शिल्प झालं नाही त्याचे आराखडे त्यांच्या जलरंगात आहेत. त्यांच्या मरियेची साडी हा मुद्दाच नाही. साडी कुणीही नेसवील. मूल कसं धरावं, मांडी कशी घालावी, मान किती झुकवावी हे त्यांनी इथल्या बायकांना बघून ठरवलं, ही खरी गोष्ट आहे. ती मुद्रा दगडात उतरायला हवी होती. त्या तीसेक वर्षांत एखाद्या धर्मप्रांताने त्यांच्याजवळ एक पाथरवट बसवला असता, एक भिंत दिली असती, तर आज आपल्यापाशी परंपरा असती. आता आहेत त्या पेट्या, आणि अधूनमधून प्रदर्शनं.

बाकीच्यांविषयी फार बोलण्यासारखं नाही. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये इमारतींवरचं शिल्प शिकवायला जे. जे.त आले आणि त्यांनी घातलेल्या वळणावर व्हिक्टोरिया टर्मिनसला मोर आणि माकडं मिळाली. चर्चला काय मिळालं, तर विलायतेहून तयार आलेले स्मृतिफलक. चित्रकार सूझांचा क्रूसावरचा ख्रिस्त भयंकर ताकदीचा आहे, पण तो चर्चवर ओरडतो, चर्चमध्ये राहत नाही. शिल्पकार राम सुतारांचे हात आपल्याच गोंदूरचे, कौशल्य वादातीत. पण त्यांच्या १८२ मीटरच्या पुतळ्यासमोर माणूस गुडघे टेकत नाही, फोटो काढतो. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जे ‘भारतीयीकरण’ आलं, क्रूसाखाली कमळ आणि वेदीसमोर समई, त्याला मी सजावट म्हणतो. कमळ चिकटवलं म्हणजे कोरलं असं होत नाही.

आता जे मला सांगितलं जातं ते ऐका. भाविकांना असंच आवडतं, म्हणतात. गोरा, देखणा, गुळगुळीत चेहरा असला की मन लागतं. हे मला नेवासे तालुक्यात सांगावं? या तालुक्यात लोक दोन दगडांपुढे डोकं टेकतात. एक नेवाशाचा पैसाचा खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दुसरी शिंगणापूरची शिळा, साडेपाच फुटांच्या आसपास, उघड्या चौथऱ्यावर, वर छत नाही, कळस नाही. ना नाक, ना डोळे, ना हात. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेल्या या दगडाला गुराख्याने काठी टोचली तेव्हा रक्त आलं, एवढी एक कथा तिच्यापाशी आहे, आणि तेवढ्यावर शनिवारी तेलाच्या बाटल्या घेऊन माणसं मैलभर रांग लावतात. ज्या माणसांची भक्ती चेहरा नसलेल्या दगडावर ठरते, त्यांना निळ्या डोळ्यांशिवाय भक्ती जमत नाही, हे म्हणणं त्यांचा अपमान आहे. इथल्या ख्रिस्ती माणसाचे आजे-पणजे याच दगडांच्या शेजारी वाढले. त्याची नजर कमी प्रतीची कशी ठरवता?

एका धर्मगुरूंनी मला याचं खरं उत्तर दिलं, आणि ते मी टाळणार नाही. ते म्हणाले, शनीचं चालतं, आमचं चालणार नाही; आमच्याकडे देव माणूस झाला, म्हणून चेहरा हवाच. मान्य. शंभर टक्के मान्य. पण देव माणूस झाला तो एका विशिष्ट गावात, एका सुताराच्या घरात, तिथल्या बायकांच्या, तिथल्या गुराख्यांच्या चेहऱ्याचा झाला. देहधारणेचा अर्थच तो. मग आमच्या गावात तो कारखान्यातल्या साच्याच्या चेहऱ्याचा कसा? साचा कुणाचाच नसतो. तो ना नाझरेथचा, ना नेवाशाचा. तुमची श्रद्धाच सांगते की चेहरा कुणाचा तरी असला पाहिजे, आणि तुम्ही कुणाचाच नसलेला चेहरा मागवता.

पैसे नाहीत, हेही ऐकतो. पण फायबरग्लासवरच्या रंगाचे पापुद्रे काही वर्षांत निघतात, पुन्हा रंगवणारा बोलवावा लागतो, कोकराचा कान तुटतो. काळ्या पाषाणाला तेवढा खर्च नाही. रतनवाडीचा अमृतेश्वर सह्याद्रीच्या पावसात किती शतकं उभा आहे ते जाऊन बघा. नगरात दमडी मशिदीच्या दगडावरची नक्षी बघा. हिंदूंनी याच दगडातून देऊळ काढलं, मुसलमानांनी मशीद काढली. ख्रिस्ती मंडळींनाच तेवढा तो कठीण वाटतो? आणि रंगाचं म्हणाल तर आमच्या दगडाचा रंग आणि आमच्या मेंढरांचा रंग एकच आहे. पांढऱ्या संगमरवरात काळं मेंढरू येणार नाही. इथल्या दगडात ते आपोआप येतं.

परतताना रस्त्याकडेला एक पाथरवट पाट्याला टाकी लावत बसला होता. मागे चार जाती, दोन खलबत्ते, एक अर्धवट नंदी. उभा राहिलो आणि विचारलं, दोन हात उंचीचा धनगर, खांद्यावर कोकरू, असं कराल का? पैसे किती देणार, हे त्यांनी विचारलं नाही. कोकराचे पाय छातीवर घ्यायचे का पाठीवर, हे विचारलं. पुढे घेतले तर दगड मोठा लागेल, म्हणाले. मला सांगता येईना. कागदावर काढून देऊ का, म्हटलं. त्यांनी टाकी खाली ठेवली, हाताचा चुरा झटकला आणि रस्त्याकडे हात केला. ‘मेंढरं रोज हितूनच जात्यात. बघून करतो की.’