'नाट्यगृह कसं हवं?' हे कधी विचारलं, तेही बघा

लोकसहभागावर काम करायचं ठरवलं की कोर्सवर्कच्या पहिल्या महिन्यातच एक शिडी समोर येते. अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टीन यांनी 1969 च्या लेखात मांडलेली, आठ पायऱ्यांची. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं, आणि सगळ्यात वर नागरिकांच्या हाती कारभार. चित्र सोपं, लक्षात राहणारं. म्हणून आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये ते हमखास असतं. माझ्यातही होतं. विषय होता शहरातली मोठी सभागृहं आणि नाट्यगृहं बांधताना लोकांचं मत कसं घेतात. गाईडनी पान उलटवत एवढंच विचारलं, "शिडी ठीक आहे. पण लावली कुठल्या भिंतीला?"

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

आपण करतो काय, तर एखादं उदाहरण घेतो, 'इथे मत विचारलं होतं' म्हणून त्याला चौथ्या पायरीवर बसवतो आणि पुढच्या प्रकरणाला लागतो. मत कशावर विचारलं आणि कधी विचारलं, हे शिडी सांगत नाही. आणि खरी गोम तिथेच असते.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर घ्या. 1968 मध्ये सुरू झालेलं. 2018 मध्ये महापालिकेने त्याच्या पुनर्विकासाचा विषय आणला, पुढे वास्तुरचनाकारांकडून आराखडे मागवले. आता अर्नस्टीनबाईंच्या शिडीवर हे कुठे बसवाल? आराखडे मागवले, कलावंतांशी चर्चा झाली, म्हणजे मधली पायरी झाली. पण विरोध करणाऱ्या अनेक कलावंतांचं आणि रसिकांचं म्हणणं आराखड्याबद्दल नव्हतंच. त्यांचा प्रश्न होता, आहे ती इमारत पाडायची कशाला? काही कलावंत मात्र नव्या इमारतीच्या बाजूने होते. म्हणजे एका बाजूला 'कसं बांधू' हा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला 'बांधू का' हा. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच तक्त्यात भरली की टक्केवारी निघते, पण तिला अर्थ राहत नाही.

न्यायाने सांगायचं तर अर्नस्टीन यांनी स्वतःच त्या लेखात कबूल केलंय की 'नागरिक' आणि 'सत्ताधारी' हे दोन एकसंध गट नसतात, शिडी हे सोपं करून काढलेलं चित्र आहे. त्यांचा अनुभव अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांच्या सरकारी योजनांचा होता. चूक त्यांची नाही. आपण चित्र कॉपी करतो, परिच्छेद वाचत नाही, ही आपली चूक.

दुसरी गफलत कायद्याची. 'हरकती व सूचना' हा शब्द दिसला की आपल्याला वाटतं, झाला लोकसहभाग. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 काढून बघा. विकास योजनेत एखाद्या जागेच्या आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम 37 प्रमाणे नोटीस काढून एक महिन्याच्या मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात. ही झाली जमिनीची गोष्ट. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या सभागृहात खुर्च्या किती, रंगमंच किती खोल, सेटचा ट्रक मागे लागतो की पुढच्या दारातून सामान डोक्यावर न्यावं लागतं, यावर हरकती मागवण्याची पायरी या कायद्यात नाही. ती कोणी ठेवली तर मर्जीने ठेवलेली असते. त्यामुळे आरक्षणावर आलेल्या अर्जांची संख्या घेऊन 'इमारतीच्या रचनेत लोकसहभाग' असं प्रकरण लिहिलंत, तर व्हायव्हात पहिल्या पाच मिनिटांत सापडाल.

मग बघायचं काय? तारखा. सरकारी इमारतीला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यतेच्या वेळी ढोबळ खर्च आणि त्यासोबत ढोबळ आकार ठरलेला असतो. लोकांची बैठक त्याच्या आधी झाली की नंतर? नंतर झाली असेल तर क्षमतेबद्दल बोलायला फारशी जागा उरत नाही. पडद्याचा रंग आणि नाव कोणाचं द्यायचं, यावर मात्र भरपूर बोलता येतं (आणि आपल्याकडे नावावरच जास्त बोललं जातं, हे वेगळं सांगायला नको). या चार तारखा माहिती अधिकारात मिळतात. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. दोनशे प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा हा एक अर्ज जास्त सांगून जातो.

प्रश्नावलीचंही सांगतो. खानदेशातल्या एका नाट्यगृहाबाहेर (नाव घेत नाही) मी मध्यंतरात फॉर्म वाटले. 'आसनव्यवस्था समाधानकारक आहे का', 'ध्वनिव्यवस्था कशी वाटली', असले प्रश्न. एकजात सगळ्यांनी 'चांगली'वर खूण केली. मला आनंद झाला, डेटा आला म्हणून. प्रयोग संपल्यावर पायऱ्यांवर एक आजी बसल्या होत्या, त्यांना फॉर्मबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "नाटक भारी व्हतं भाऊ, पन शेवटली गाडी निंघी गयी." माझ्या फॉर्ममध्ये गाडीचा रकानाच नव्हता. साक्री, एरंडोल, यावलहून येणाऱ्या प्रेक्षकासाठी नाट्यगृह शेवटच्या एसटीपर्यंतच उघडं असतं. आणि फॉर्म प्रमाण मराठीत, छापील. अहिराणीत बोलणारा माणूस त्यावर खूण करून मोकळा होतो, कारण नाही म्हणायला त्यात जागाच ठेवलेली नसते.

शिवाय मी कोणाला विचारलं? तिकीट काढून आत आलेल्यांना. जे आलेच नाहीत, ते नमुन्यात कुठून येणार? दिवे लावणारा, झाडणारी बाई, मंडपवाला, भाडं परवडत नाही म्हणून शाळेच्या हॉलमध्ये तालीम करणारी हौशी मंडळी, यांतलं कोणीच माझ्या यादीत नव्हतं.

मंडपवाल्यावरून आठवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, मंडप घालून. याच अमळनेरात 1952 लाही संमेलन झालं होतं, धुळ्यात 1944 ला, जळगावात 1936 आणि 1984 ला. म्हणजे तीन दिवसांच्या गर्दीसाठी खानदेशाला कायमचं मोठं सभागृह लागतंच, हे गृहीत धरता येत नाही. उरलेले 362 दिवस ते कोण वापरणार, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वातानुकूलनाचं बिल कोण भरणार, हे विचारलं तर लोक कदाचित हजार खुर्च्यांऐवजी तीनशे खुर्च्या आणि कमी भाडं मागतील. कदाचित मोठंच मागतील. पण 'सभागृह कसं हवं' एवढंच विचारलं तर हे उत्तर कधी येणारच नाही.

नव्या प्रश्नावलीत मी पहिला प्रश्न बदललाय: 'कार्यक्रम संपल्यावर तुम्ही घरी कसे जाता?' तोंडी विचारायचा, अहिराणीत आणि लेवा बोलीत. प्रायोगिक फेरी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर घेणार आहे, अर्धे लोक नाट्यगृहाच्या आत आणि अर्धे बसस्टँडवर.