हळदीचे नॅनोजेल आणि व्रणरोपणाचा पुरावा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हळद हे केवळ नगदी पीक नाही. वाईच्या मळ्यांशी आणि सांगलीच्या बाजारपेठेशी तिचे नाते जुने आहे. हरिपूरच्या पेवांची कीर्ती सर्वश्रुत आहे. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. कापले-खरचटले की हळद दाबावी, हे तर येथील घराघरांतले ज्ञान. अशा प्रदेशातील संशोधकाने हळदीतील कुर्क्युमिन घ्यावे, त्याचे अतिसूक्ष्म कण करून जेलमध्ये गुंतवावे आणि ते जखमेवर लावून पाहावे, हे स्वाभाविकच होय. या विषयावर आज विपुल लेखन होत आहे. त्यातील रसायन बहुधा चोख असते. आमचा आक्षेप आहे तो त्यातील अनुमानाच्या रीतीवर.

या लेखनाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग वारंवार भेटतो. हळदीने जखम भरते या उपयोगाचे एकस्व अमेरिकेत मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, 32 लिखित आधार सादर केले आणि 1997 साली ते एकस्व रद्द ठरले. हा विजय अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु तेथे निर्णय कशाचा झाला? हा उपयोग नवा नाही, एवढ्याचाच. हळदीने जखम किती लवकर भरते, कोणती भरते, कोणती भरत नाही, हा प्रश्न त्या वादापुढे नव्हताच. प्राचीनत्वाचा पुरावा हा परिणामाचा पुरावा नव्हे. प्रस्तावनेत हे दोन पुरावे एकमेकांत मिसळले, की पुढील प्रयोग हा शोध न राहता आधीच मान्य केलेल्या निष्कर्षाची पूजा होऊन बसतो.

नॅनोजेलाचे श्रेय नाकारण्याचा हेतू येथे नाही. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय शरीराच्या तपमानाला, 7.2 सामूच्या फॉस्फेट द्रावणात, त्याचा सुमारे 90 टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणाचा पृष्ठभाग पुष्कळदा अल्कधर्मी असतो. म्हणजे जेथे औषधाची गरज अधिक, तेथेच ते अल्पायुषी. सूक्ष्म कणांच्या आवरणात त्याचे रक्षण करावे आणि ते सावकाश सुटू द्यावे, ही कल्पना निश्चितच सयुक्तिक आहे. मात्र हा रेणू परीक्षकालाही फसवतो. त्याचा गडद पिवळा रंग, त्याची प्रतिदीप्ती आणि प्रथिनांशी सरसकट होणारी त्याची अभिक्रिया यांमुळे प्रयोगनळीतील कित्येक चाचण्या खोटा होकार देतात, असे नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली सविस्तर दाखवून दिले आहे. केवळ रंगमापनावर विसंबून जीवाणुनाशक वा दाहशामक गुणाची ग्वाही देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

याहून मूलभूत प्रश्न असा, की जखम भरली ती कणांमुळे की जेलमुळे? जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचा साधा पातळ पापुद्रा झाकून ठेवला. उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा त्यांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. त्या पापुद्र्यात औषध कोणतेच नव्हते. होता तो केवळ ओलावा. हायड्रोजेल म्हणजे तर मुख्यतः पाणीच. म्हणून औषधयुक्त जेलची तुलना उघड्या जखमेशी करणे म्हणजे ओलाव्याचे श्रेय हळदीच्या पदरात टाकणे होय. कणांविना तेच जेल, कुर्क्युमिनविना तेच कण आणि कणांविना कुर्क्युमिन, असे तीन गट शेजारी उभे असल्याखेरीज कणांच्या गुणाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न प्राण्याचा. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यत्वे आक्रसून मिटते. माणसाची जखम बहुतांशी नव्या मांसांकुरांनी आणि कडेकडून सरकणाऱ्या त्वचेने भरते. निरोगी, तरुण उंदराच्या पाठीवरील स्वच्छ गोल जखम किती टक्के आकसली हे मोजून मधुमेही माणसाच्या तळपायाच्या व्रणाविषयी विधान करणे, ही उडी फार मोठी आहे. आक्रसण रोखण्यासाठी जखमेभोवती कडे शिवण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिचा अवलंब अपवादानेच व्हावा, हे खेदजनक होय.

तिसरा प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा. सोलापूरचे शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली भाजलेल्या 104 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मधाने सिल्व्हर सल्फाडायझिनवर मोठीच मात केली. प्रत्यक्ष रुग्णांवर प्रयोग करण्याचे हे धैर्य आजच्या नॅनोजेलकारांनी घ्यावे असेच आहे. परंतु सिल्व्हर सल्फाडायझिन हेच जखम भरण्यास विलंब लावते, असे पुढील परीक्षणांतून दिसून आले. दुर्बळाला हरवून मल्लाची योग्यता ठरत नाही. चांदीबद्दलही हेच म्हणावे लागते. शिरांच्या विकाराने पायांवर होणाऱ्या व्रणांच्या 213 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चांदीयुक्त आणि चांदीविरहित पट्ट्यांत 12 आठवड्यांअखेर लक्षणीय अंतर आढळले नाही. उलट, मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली, आणि त्वचाकलमासाठी कातडी काढलेल्या जागी ती व्हॅसलीनच्या पट्टीपेक्षा कमी वेदना देते, असे 2003 साली दाखविले. केळीचे पान न चिकटणारे, ओलावा राखणारे आणि अल्पमोली. आमच्या जेलांनी कुस्ती करावी ती या पानाशी.

मिरजेच्या वा कऱ्हाडच्या रुग्णालयात येणाऱ्या माणसाची जखम उंदराच्या जखमेसारखी स्वच्छ व गोल नसते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या शेतकऱ्याला जखम झाल्याचे कळते तेच उशिरा; त्याचा रक्तपुरवठा तपासणे, मृत मांस काढणे, पायावरचा भार हलका करणे, यांपैकी काहीही जेल करू शकत नाही. हळदीच्या जेलवर विसंबून तो चार आठवडे घरी बसला, तर अखेर पाय गमवावा लागण्याचा संभव आहे. आमच्या अनुमानातील शैथिल्याची किंमत अशी दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी कणांचा आकार मोजण्यापूर्वी तुलनेचे गट निश्चित करावेत. मोजणाऱ्याला कोणत्या जखमेवर काय लावले आहे ते कळू देऊ नये. आणि जेथे परिणाम दिसला नाही, तेथे तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. हळद या परीक्षेत उतरेल किंवा उतरणार नाही. परंतु जिच्या प्राचीनत्वासाठी आपण सातासमुद्रापार जाऊन झगडलो, तिच्या गुणाची परीक्षा घरच्या प्रयोगशाळेत सवलतीने व्हावी, हे मात्र शोभणारे नाही.