साथीचे वाद्य आणि स्वतंत्र रचना : 'डिगा रिदम बँड'च्या निमित्ताने

प्रस्थापित रॉक वादकांनी मूळ संचाबाहेर हाती घेतलेल्या उपक्रमांकडे, म्हणजेच ज्यांना 'साइड प्रोजेक्ट' म्हटले जाते त्यांच्याकडे, समीक्षा बहुधा विरंगुळा म्हणून पाहते. मूळ संच हा प्रपंच आणि असा उपक्रम ही सुट्टीतील सहल, अशी ती समजूत आहे. १९७६ साली प्रसिद्ध झालेली 'डिगा' ही ध्वनिमुद्रिका या समजुतीत बसत नाही. तिचे सूत्रधार दोन : कॅलिफोर्नियातील 'ग्रेटफुल डेड' या विख्यात रॉक संचाचे ड्रमवादक मिकी हार्ट आणि मुंबईत माहीमला वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४). ज्या वाद्यांना एरवी साथीला बसावे लागते, त्यांनीच संपूर्ण रचना पेलावी, हा या मुद्रिकेचा मूळ संकल्प होय.

या संकल्पाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. हार्ट यांची झाकीर हुसेन यांचे वडील व गुरू उस्ताद अल्लारखाँ (१९१९–२०००) यांच्याशी १९६७ मध्ये भेट झाली आणि मात्रांच्या हिशेबाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलली. 'ग्रेटफुल डेड'च्या तत्कालीन वादनात ११ मात्रांची जी रचना आढळते, तिच्यामागे हा संस्कार मानला जातो. १९७१ मध्ये हार्ट संचातून बाहेर पडले व १९७४ च्या अखेरीस परतले. त्याच सुमारास संचाने जाहीर कार्यक्रमांना विराम दिला. दुसरीकडे झाकीर हुसेन सॅन राफेल येथील अली अकबर संगीत महाविद्यालयात तबला शिकवीत होते आणि तेथील विद्यार्थ्यांच्या तालवाद्यवृंदाचे नेतृत्व करीत होते. हा वृंदच पुढे ११ वादकांचा 'डिगा रिदम बँड' झाला. म्हणजे संचाचा पाया नामवंतांच्या मैफलीत नसून वर्गातील रियाजात होता, ही बाब मुद्रिका ऐकताना विसरता येत नाही.

मुद्रिकेत पाच रचना आहेत. त्यांपैकी काहींची शीर्षकेच मात्रासंख्या सांगतात : एक सोळाची, एक सातची, शेवटची तर तालांची 'माला'च आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनात सारंगी किंवा हार्मोनियम लेहरा धरते आणि त्या आवर्तनाच्या आधारावर तबलावादक विस्तार करतो. 'डिगा'मध्ये हे काम बरेचसे मारिंबा व व्हायब्रफोन या स्वरयुक्त आघातवाद्यांकडे गेले आहे. परिणामी चक्र राखणारा आणि विस्तार करणारा, दोघेही एकाच जातीचे होतात. येथेच या प्रयोगाचे खरे बळ आहे. पाश्चात्त्य संचाने तबल्याचा नाद उचलावा आणि व्याकरण सोडून द्यावे, असे प्रकार त्या दशकात पुष्कळ झाले. सतार तर त्याची हुकमी बळी ठरली. येथे मात्र हार्ट यांचे ड्रम, घंटा व टिंपनीसुद्धा समेची शिस्त पाळतात. उणीव सांगायची तर अकरा जण एकत्र वाजवू लागले की डग्ग्याची मींड पार बुडून जाते. पंजाब घराण्याच्या वादकाला हे खटकले नसेल, असे म्हणणे कठीण आहे.

'हॅपिनेस इज ड्रमिंग' या रचनेची पुढील वाटचाल विशेष विचारणीय आहे. तिच्यात 'ग्रेटफुल डेड'चे जेरी गार्सिया यांची गिटार आहे. पुढे हीच रचना रॉबर्ट हंटर यांच्या शब्दांसह 'फायर ऑन द माउंटन' हे गीत झाली व १९७८ च्या 'शेकडाउन स्ट्रीट' या मुद्रिकेत आली. गीत लोकप्रिय झाले. परंतु मूळ संचाने उपक्रमातून परत नेले ते काय, तर सर्वांत सुटसुटीत वस्तू : एक झुलता ठेका आणि त्यावरील धून. सातची रचना कोणी नेली नाही. शब्द येताच आघातवाद्ये पुन्हा साथीला बसली, असे येथे स्पष्टच म्हणावे लागेल. तथापि शब्द आले की हे व्हावेच, असेही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात शब्द आणि आघात एकाच व्यक्तीच्या ठायी होते. तेथे खंजिरीला दुय्यम कोण म्हणेल? चिखलदऱ्याच्या परिसरातील कोरकू गावांत ढोल आणि बासरीवर नृत्याचा फेर धरला जातो, तेव्हाही ढोल 'साथ' करीत नसतो. पाऊल कोठे पडावे हे तोच ठरवितो. साथ ही संकल्पना मैफलीची आहे, वाद्याची नव्हे, आणि 'डिगा'चे मोल याच जाणिवेत शोधावे लागते.

याच दोघांच्या सहभागाने १९९१ मध्ये 'प्लॅनेट ड्रम' ही मुद्रिका निघाली. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी, घटमवादक टी. एच. विनायकराम, ब्राझीलचे ऐर्तो मोरेरा असे थोर वादक तिच्यात आहेत; परंतु रचना बहुतांशी वातावरणनिर्मितीकडे झुकतात. गुहा, अरण्य, शिकार यांचा आभास उभा राहतो, चक्र मात्र सैल पडते. समेची वाट पाहण्याची सवय असलेला श्रोता तेथे बराच वेळ ताटकळत राहतो. जागतिक संगीतासाठी नव्याने सुरू झालेले ग्रॅमी पारितोषिक १९९२ मध्ये मिळाले ते या मुद्रिकेला. २००७ च्या 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट'मध्ये वादकांची संख्या मुख्यतः चारवर आली : हार्ट, झाकीर हुसेन, सिकिरू अडेपोजू आणि जिओव्हानी हिदाल्गो. गर्दी कमी होताच तबला व नायजेरियन टॉकिंग ड्रम यांचे संभाषण पुन्हा स्वच्छ ऐकू येते, आणि १९७६ मध्ये बुडालेली डग्ग्याची मींडही.