मेन्त्सेलची कामगार-रेखाटने

आडोल्फ मेन्त्सेल या जर्मन चित्रकाराने रोलिंग मिलचे आपले प्रसिद्ध तैलचित्र (१८७२–७५) रंगविण्यापूर्वी सायलेशियातील कारखान्यात जाऊन कामगारांची शंभराहून अधिक रेखाटने केली. ही केवळ पूर्वतयारी होय, असे मानण्याची प्रथा आहे. ती रेखाटनांवर अन्याय करणारी आहे. सुताराच्या रुंद पेन्सिलीने झरझर काढलेल्या या आकृतींत एकाच हाताच्या दोन-तीन स्थिती एकाच कागदावर आढळतात. त्यांना दुरुस्त्या म्हणणे चुकीचे ठरेल. वैयाकरण ज्यास अपूर्ण वर्तमान म्हणतात, तोच काळ येथे आहे : कामगार अंग धुतो आहे, धुणे संपलेले नाही. तैलचित्रात अंग धुणारे कामगार डाव्या बाजूस आहेतच. परंतु तेथे धूर, चाके आणि तापलेले लोखंड यांचे राज्य आहे, माणूस त्यांचा आश्रित. कागदावर मात्र त्याच्या पाठीमागे काहीच नाही.