सूज इंजेक्शनला दाद देते, म्हणजे काय?

डोळ्याची शीर तुंबून पडद्याला आलेली सूज इंजेक्शनला दाद देईल का, हे ओसीटी स्कॅनवरून आधीच सांगणारे पेपर वाचताय? आधी त्यात ‘प्रतिसाद’ची व्याख्या शोधा. 2010च्या ब्राव्हो चाचणीत (शिरेची फांदी तुंबलेले रुग्ण) 0.5 मिलिग्रॅम रानिबिझुमॅबवर सहा महिन्यांत सरासरी 18.3 अक्षरं जास्त वाचता आली; पण खोटं इंजेक्शन दिलेल्यांनाही 7.3! (त्यातल्या काहींना लेसर मिळालं होतं, ते असो.) मग तुलनेचा गटच नसेल, तर मॉडेल औषधाचा गुण ओळखतंय की आपोआप ओसरणारी सूज? शिवाय तिथे इंजेक्शन दरमहा ठरलेलं. सालेकसा-देवरीकडचा रुग्ण रोवणीच्या दिवसांत गोंदियाला आलाच नाही, तर नोंदीत तोही ‘प्रतिसाद नाही’. इंजेक्शनं किती ठरली, किती घेतली, हे रकाने नसलेला डेटा मी तरी घेणार नाही.